हनुवटीखालची सावली

त्याने पातळ सुरीने गालावरचा ओला रंग खरवडला आणि चिंधीला पुसला. गेल्या महिन्याभरात तिसऱ्यांदा.

"पुन्हा?" मागून बाई म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी झाला होता की तो गाल."

"जमला नव्हता."

बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या खोलीत त्या गेली वीस वर्षं तैलरंग शिकवत होत्या. नव्या माणसाला त्या आधी युरोपातल्या रोमँटिक काळातल्या एखाद्या व्यक्तिचित्राची नक्कल करायला लावत. त्याच्या वाट्याला आली होती दोनशे वर्षांपूर्वीची एक तरुण मुलगी. अर्धा चेहरा अंधारात, उरलेल्या अर्ध्यावर ताप चढल्यासारखी लाली. छापील प्रत कॅनव्हासशेजारी टाचलेली होती.

"बाकी सगळं हात न थरथरता करता," बाई म्हणाल्या. "सावलीपाशी आलात की मात्र कच खाता. हनुवटीखाली बघा, अजून नुसतं करडं आहे."

तो हसल्यासारखं करून सुरी पुसू लागला. एकतीस वर्षं त्याने इस्पितळात एक्स-रे काढले होते. सावल्या बघण्यातच जन्म गेला होता. त्यातली एक त्याने डॉक्टरांच्याही आधी पाहिली होती. "श्वास रोखून धर," असं त्यानेच लेकीला सांगितलं होतं. मग पडद्यावर तिची छाती उमटली. बाहेर येऊन तिने विचारलं, "काय दिसलं, बाबा?" तो म्हणाला, "डॉक्टर सांगतील." तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढचे सात महिने बापलेक सगळं बोलले, तेवढं सोडून.

बायकोला त्याने शब्द दिला होता, हे चित्र झालं की आपल्या पोरीचं काढतो.

दारावर टकटक झाली. बायकोच होती. जिना चढून तिला धाप लागली होती. पर्समधून तिने पाकीट काढलं.

"आमच्या लेकीचा मोठा करून घेतलेला फोटो," ती बाईंना म्हणाली. "म्हटलं, यांचं होतच आलं असेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

बायको कॅनव्हाससमोर बसली. खरवडलेल्या गालाकडे, मग त्याच्या हातातल्या चिंधीकडे तिने पाहिलं.

"दर वेळी पुसता?"

त्याने मान हलवली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "गुरुवारी घरी येता तेव्हा चेहरा उतरलेला असतो तुमचा."

तिने पाकीट उघडलंच नाही, पर्समध्ये परत ठेवलं. रागाने नाही. अंगाला लहान झालेला कपडा कपाटात ठेवावा, तसं. मग ती खिडकीबाहेर बघू लागली.

उजेड तिच्या डाव्या गालावर पडला होता. गालाचं हाड वर आलेलं, डोळ्याखाली खळगा. हे सगळं कधी झालं, त्याला आठवेना. पोर गेल्यावरची तीन वर्षं ती रोज समोर बसून जेवत होती.

त्याने त्या मुलीचं चित्र उतरवून भिंतीला टेकवलं आणि कोरा कॅनव्हास चढवला.

"अशीच बस," तो म्हणाला. "थोडी खिडकीकडे."

"मी? माझं काय काढायचंय आता?"

त्याने ब्रश उचलला आणि सर्वांत आधी गडद रंगात बुडवला.

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.