फाट्यावरचे साठ सोम

आईला जाऊन सोळा दिवस झाले होते, तेव्हा बातमा आपा आपलं बँकेचं कार्ड रुमालात बांधून घेऊन आल्या. दारातच त्यांनी दुवा म्हटली, तळहात तोंडावरून फिरवले आणि त्याच दमात म्हणाल्या, "पेन्शन जमा झालीय, पोरी. आज पाच तारीख."

"बसा तर खरं, आपा."

"बसते. तू चहा टाक. बाकीच्या येताहेत मागून."

बाकीच्या आल्या. अंगणात बूट झटकून एकेक जण गादीवर टेकली आणि जेवणाच्या चादरीवर, ब्रेड आणि जर्दाळूंच्या मधोमध, सात कार्डं जमली. आईच्या जागी कुणी बसलं नाही. मी बसावं अशी त्यांची अपेक्षा होती.

पेन्शनवाल्या बँकेचं मशीन तालुक्याच्या गावी आहे, घाट ओलांडून चाळीस किलोमीटरवर. तिथं काढले तर काही कापत नाहीत. आमच्यापासून चार किलोमीटरवर, फाट्यावरच्या पेट्रोल पंपाशी दुसऱ्या एका बँकेचं मशीन आहे. ते दर कार्डामागे साठ सोम कापतं. साठ सोमना दोन ब्रेड येतात. म्हणून गेली सहा वर्षं आई, या बायकांची कालीपा, गल्लीतल्या सगळ्यांची कार्डं घेऊन जेकशेनच्या गाडीतून तालुक्याला जायची आणि संध्याकाळी ज्याचे त्याचे पैसे हातावर ठेवायची. गाडीभाड्याला प्रत्येकीकडून वीस सोम घ्यायची. साठाच्या जागी वीस. मशीनला आपण फसवलं, हे समाधान त्या बायकांना महिनाभर पुरायचं.

"माझा नंबर लक्षात ठेव," बातमा आपा म्हणाल्या. "चार, चार, एक, नऊ."

"हळू बोला, आपा. पिन असा सांगायचा नसतो."

"अगं, चोराला आमच्या गल्लीत यायला बर्फातून चालावं लागेल. येऊ दे. चहा पाजीन आणि कार्डही देईन, तोच जाईल तालुक्याला."

सगळ्या हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. चाळिसावा होईपर्यंत या घरात हसायचं नसतं, आणि त्याला अजून चोविसेक दिवस होते.

मी म्हणाले, "दुकानात आता सगळं फोननं होतं. शहरात तर मी महिनोन्‌महिने नोट बघत नाही. रोकड काढायलाच कशाला हवी?"

"हो का? मुल्लाच्या हातात काय ठेवू? नव्या सुनेचं तोंड बघायला गेले, तर तिच्या ओंजळीत फोन ठेवू आणि म्हणू, दाब हे बटण, बाई?"

"आणि माझ्या फोनाला बटणं आहेत," सेयिल आपा म्हणाल्या, "त्यातली तीन चालत नाहीत."

सेयिल आपा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. वय चौऱ्याहत्तर. त्यांचे पाय इतके सुजतात की बुटांच्या चेनी पोटरीवर अर्ध्यातच थांबलेल्या असतात. चहाची वाटी खाली ठेवून, माझ्याकडे हात करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "या महिन्यात पेरिझात जाईल. चाळिसावा झाला की ती बिश्केकला परत जाणार. पुढच्या महिन्यापासून मी जाईन. कालीपानं चालवलेलं काम तिच्यामागं बंद पडता कामा नये."

"शाबास," बातमा आपा म्हणाल्या. "कालीपानं शेवटपर्यंत चालवलं. मरायच्या महिन्यातसुद्धा गेली होती. एक सोम खाऊ दिला नाही त्या मशीनला."

मी सेयिल आपांच्या पायांकडे पाहत होते. घाटात गाडी अडली की सगळ्यांना उतरून चालावं लागतं. पण एवढ्या जणींसमोर त्यांनी शब्द दिला होता आणि तो मागं घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेकशेनच्या गाडीत पुढं बसले. मागं दोन पोती आणि एक झोपलेला शिक्षक होता. जेकशेनला मी बाइके म्हणते, थोरला भाऊ; तो आईपेक्षा दहा वर्षांनी लहान, गावातले सगळे मृत्यू आणि सगळी बाळंतपणं त्याच्या गाडीतून गेलेली.

"आई मशीनपाशी कुठं उतरायची, तिथंच सोडा मला," मी म्हणाले.

फाटा आला तशी त्यानं गाडी पंपापाशी बाजूला घेतली.

"इथं कशाला, बाइके?"

"तुझी आई इथंच उतरायची."

"तालुक्याला जायची ती."

"आधी जायची." त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "ऑक्टोबरात एकदा घाटात मला म्हणाली, जेकशेन, थांब. उतरली, रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, मागं फिरव. त्यानंतर दर पाच तारखेला इथं उतरायची. संध्याकाळी मी येताना इथूनच घ्यायचो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिनं सांगू नको म्हटलं होतं. मला वाटलं, बाईचे पाय दुखत असतील. म्हातारपणी दुखतात." थोड्या वेळानं तो म्हणाला, "पोटाचं आहे हे मला जानेवारीत कळलं. तुम्हाला कळलं तेव्हाच."

मागचा शिक्षक जागा झाला आणि गाडी का थांबलीय ते विचारू लागला. मी उतरले.

पंपाच्या मागं एका खोलीत चहा मिळतो. शाकेन नावाची पन्नाशीची बाई ती खोली चालवते. मी कोण ते सांगितल्यावर तिनं ओले हात पुसून मला जवळ घेतलं आणि रीतीप्रमाणं थोडं रडली. मग चहा ओतला.

"तिथं बसायची," तिनं शेगडीजवळचा बाक दाखवला. "सकाळी येऊन मशीनमधून पैसे काढायची. मग माझ्याकडून वीस-वीसच्या नोटा सुट्या करून घ्यायची. प्रत्येकीच्या पुडीत कापलेले तेवढे आपले घालायची. मी म्हटलं, कालीपा एजे, सांगून टाका ना त्यांना. साठ सोमसाठी कुणी मरत नाही. तर म्हणाली, तू बातमाला ओळखत नाहीस. मशीननं साठ सोम घेतले तर ती तीन दिवस अंथरुणाला खिळेल, आणि तिचं करायला परत मलाच जावं लागेल."

मला आईचा आवाज ऐकू आला.

"आणि मग संध्याकाळपर्यंत?"

"मग काय, बसायची. लवकर घरी गेली तर बायकांना कळलं असतं ना. माझे बटाटे सोलून द्यायची. जेवायची नाही फारशी. आणि फोन करायची. मुलीशी बोलायची तासन्‌तास. तूच ना ती?"

"मीच," मी म्हणाले.

तासन्‌तास नव्हतं ते. ऑक्टोबरपासून दर पाच तारखेला, अकराच्या सुमारास, आईचा फोन यायचा. "मशीनच्या रांगेत उभी आहे," म्हणायची, "म्हटलं तुझ्याशी बोलावं." मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते; अकरा ही माझी भर कामाची वेळ. आई विचारायची, खिडकीतून वारा येतो का अजून, दुपारी काय खाल्लंस, सध्या काय वाचतेस. मग म्हणायची, गोष्ट सांग ना त्यातली. मी एका कादंबरीतली गोष्ट तिला सांगायला घेतली होती. नोव्हेंबरात थोडी सांगितली, डिसेंबरात थोडी. माझी नजर घड्याळाकडे जायची आणि तिथं, तीनशे किलोमीटरवर, बहुतेक ते तिला कळायचं. कारण नेमकी त्याच क्षणी ती म्हणायची, "बरं, पुढची बाई निघाली. माझा नंबर आला. ठेवते."

रांग नव्हतीच. मशीन बाहेर भिंतीला एकटं उभं होतं.

शाकेननं माझ्यापुढं ब्रेड सरकवला. मी तुकडा मोडला, कारण मोडावा लागतो. बराच वेळ चावत राहिले. ती आपल्या कामाला लागली, हे तिनं फार चांगलं केलं.

सात कार्डं माझ्या पिशवीत होती. तालुक्याची दुसरी गाडी तासाभरात आली असती. तिथं जाऊन बिनचार्जाचे पैसे आणून द्यायचे, हे मला सहज जमण्यासारखं होतं. पण मग पुढच्या महिन्यात सेयिल आपा तशाच निघणार. घाटात, मार्चच्या चिखलात. आणि नाही झेपलं तर त्याही इथंच उतरणार, आपल्या पेन्शनीतून साठ-साठ घालणार आणि संध्याकाळपर्यंत बटाटे सोलत बसणार. त्याही कुणाला सांगणार नाहीत. या गल्लीतल्या बायका सांगत नाहीत.

घरी जाऊन सगळं सांगून टाकायचं, हे त्याहून सोपं होतं. पण दफनाच्या दिवशी सगळ्यांना विचारलं गेलं होतं की कालीपाचं कुणाकडं काही आहे का, कुणाचं कालीपाकडं काही आहे का. बायका एका आवाजात म्हणाल्या होत्या, काही नाही, आम्ही राजी, ती राजी. बातमा आपा ब्याऐंशींच्या आहेत. मेलेल्या बाईचा पैसा आपण चार महिने खाल्ला, तोही ती आजारी असताना, हे त्यांना कळलं असतं तर तो परत कुणाला करायचा? मला दिला असता आणि मी घेतला असता, तरी त्यांची झोप गेली असती. आईनं जे त्यांच्यापासून झाकलं होतं ते उघडायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

मी बाहेर गेले आणि मशीनमध्ये पहिलं कार्ड घातलं. चार, चार, एक, नऊ. पडद्यावर विचारलं गेलं की साठ सोम कापले जातील, चालेल का. मी 'हो' दाबलं. सात वेळा दाबलं. सातही चिठ्ठ्या घेतल्या.

दुपारी दोनला मी घरी होते. बातमा आपांनी मला रस्त्यावरूनच पाहिलं.

"इतक्यात? तालुका जवळ सरकला की काय?"

"मी फाट्यावरूनच काढले, आपा."

मी चादरीवर सात पुड्या मांडल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी ठेवली. "साठ-साठ सोम कापलेत. भाड्याचे वीस तुमचे तुम्हाला परत. इथून पुढं फाट्यावरूनच काढायचे. तिथं रांग नाही, घाट नाही."

"म्हणजे साठ सोम गेले," बातमा आपा म्हणाल्या.

"गेले."

"का? तालुक्याला जायला तुझ्या पायांना मेंदी लावली होती?"

"मला कंटाळा आला," मी म्हणाले. यात काही खोटं नव्हतं. "थंडी होती. चाळीस किलोमीटर जायचं जिवावर आलं."

"कालीपाला कधी जिवावर नाही आलं! पोटात ते दुखणं घेऊन जात होती. आणि ही, बावीस वर्षं शहरात पुस्तकं वाचून आलेली, हिला थंडी वाजते." त्यांनी चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. "आणि हे कशाला? तुझ्या आईकडं कधी चिठ्ठी मागितली नाही आम्ही."

"मी देते. माझ्याकडून घेत जा."

"घेऊच. तुझा काय भरवसा."

कुणी चहा घेतला नाही. एकेक पुडी उचलली गेली. बातमा आपांनी आपले पैसे दोनदा मोजले, आईच्या वेळी कधी मोजले नव्हते. मी खाली मान घालून वाट्या गोळा करत होते. माझ्या मनात होतं की आईनं हे पाहिलं असतं तर ती माझ्यावर रागावली असती, बातमाला असं दुखवायचं असतं का म्हणून.

सगळ्या गेल्यावर सेयिल आपा दारात घुटमळत राहिल्या.

"म्हणजे पुढच्या महिन्यात मला फक्त फाट्यापर्यंत जायचंय?"

"तेवढंच. आणि तेही तुम्हीच जायला पाहिजे असं नाही. आळीपाळीनं जा."

"मी हो म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. भिंतीला धरून त्यांनी एक पाय बुटात घातला. "रात्रभर डोळा लागला नाही बघ. त्या घाटाचीच भीती. पण तोंडातून गेलं ते गेलं." दुसऱ्या पायाला मी बूट चढवून दिला. चेन जिथं थांबते तिथं थांबली. "साठ सोम काय," त्या हळूच म्हणाल्या, "मी कुणाला सांगत नाही, पण मला ते केव्हाही चाललं असतं."

त्या गुरुवारी मी पुन्हा कढई चढवली. गुरुवारी घरातून तेलाचा वास निघायला हवा, तो गेलेल्यापर्यंत पोचतो, म्हणून आम्ही सात पोळ्या तळतो. मला वाटलं होतं, या वेळी कुणी येणार नाही. सगळ्या आल्या. बातमा आपा नेहमीच्या जागी बसल्या, सर्वांत आधी त्यांनीच कुराणातली आयत म्हटली, लांब, एकही शब्द न गाळता, आईचं नाव दोनदा घेऊन. मग एक पोळी मोडली, चावली आणि कढईकडे मान वळवून म्हणाल्या,

"तेल कमी पडलंय, पोरी. मशीनचे साठ सोम इथं वसूल करतेस वाटतं?"

सेयिल आपा सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मी उठले आणि बाटली घेऊन कढईत तेल ओतलं.