शेवटची तीन अक्षरं

नूरबानूचा तळहात पट्टीच्या मारानं सुजलेला पाहिला आणि नजमुद्दीन भरल्या ताटावरून उठला. पोरीचा गुन्हा काय, तर 'ते खातात' याला तिनं फ्रेंचमध्ये 'इल मांझ' म्हटलं. मास्तर म्हणाले, 'इल मांझाँ' म्हण. ती म्हणेना. तेव्हा भर वर्गात ते ओरडले, "बापाची भटारखान्यातली भाषा इथं चालायची नाही!"

सत्तावन्न साल होतं ते. नजमुद्दीनची बावीस वर्षं फ्रेंच जहाजाच्या भटारखान्यातच गेली होती. लेकीला त्यानं बोलता बोलता ती भाषा शिकवली. लिहिता-वाचता मात्र त्याला अक्षरही येत नव्हतं.

तो लेकीला घेऊन तडक म्हसळ्याच्या शाळेत गेला. तिथं फ्रेंचचा तास यंदाच सुरू झाला होता.

"मास्तर, मांझाँ म्हंजे खाता-खाता. 'ते खातात' म्हंजे नुसतं मांझ. तोंडातनं एकच तुकडा निघतो."

मास्तरांनी पुस्तक पुढं सरकवलं. "ही शेवटची तीन अक्षरं दिसतात, ई-एन-टी? म्हणून तुकडे दोन, आणि जोर शेवटच्यावर."

"शेवटचा तुकडा वाजला तर ना! 'आमी खातो' म्हणताना मांझों. थितं मागला तुकडा वाजतो, जोर त्याच्यावर. हितं ती अक्षरं लिवायची, बोलायची न्हाय. जे वाजतच न्हाय त्याच्यावर जोर कसला देता?"

"कुठं वाचलंत हे?"

नजमुद्दीनची कानशिलं तापली. तोंडाशी आलेली शिवी त्यानं गिळली.

तेवढ्यात नूरबानूनं पुस्तक ओढलं. उच्चारांच्या प्रकरणाची पानं कडेनं जोडलेलीच होती. ती अजून कुणी कापलीच नव्हती. तिनं बोट घालून जोडलेली कड फाडली आणि इंग्रजीतला नियम मोठ्यानं वाचला: अशा क्रियापदांत शेवटची ही तीन अक्षरं मुकी असतात.

मास्तरांनी पान दोनदा पाहिलं. "असं असेल तर ठीक आहे."

"ठीक?" नजमुद्दीन कडाडला. "कागद बोलला तवा खरं, आणि माझी पोर बोलली तवा पट्टी? वर्गात मारलंत, आता वर्गातच सांगा!"

मास्तर वर्गात गेले, मागोमाग नूरबानूही जागेवर जाऊन बसली. फळ्यावर शब्द लिहून त्यांनी शेवटची तीन अक्षरं खोडली. "सकाळचा उच्चार चुकला होता," एवढंच पुटपुटले. कुणाचा, ते बोलले नाहीत.

"तुमचा, सर," नूरबानू जागेवरून उठून म्हणाली. "माझा बरोबर होता."

मास्तर खडू खाली ठेवून हळूच म्हणाले, "हो. माझा."

बाहेर व्हरांड्यात नजमुद्दीननं ते ऐकलं. राग काही उतरला नव्हता. तरी तो वळला आणि घराकडे चालू लागला.