काचेच्या दालनातली निळी मोटार

मित्रांनो, एकोणीस वर्षे माझ्यावर धुळीचा कण बसला नाही, आणि तेच माझे दुःख आहे. मी एक जुनी निळी मोटार. जन्म १९६१ सालचा, इटलीतल्या तुरीन शहरातला. दोन दारे, सहा सिलिंडर आणि लांबच्या प्रवासासाठीच हाताने ठोकून घडवलेले अंग. आमच्या मालिकेच्या तीन पिढ्या झाल्या. मी मधल्या पिढीतली. पुढे स्वस्त गाड्यांचे दिवस आले आणि आमचे घराणे संपले.

मला प्रथम घेतले डॉक्टर देल्फीना यांनी. दर उन्हाळ्यात त्या मला डोंगर ओलांडून समुद्रावर नेत. मागे पीचच्या पेट्या, चाकांना चिखल. घाट चढताना त्या म्हणायच्या, "चल गं पोरी, अजून एकच वळण!" अशी हजार वळणे आम्ही घेतली.

त्यांची नजर अधू झाली, तेव्हा गालेआत्सो या जुन्या गाड्यांच्या संग्राहकाने मला विकत घेतले. त्याने जीव लावला, हे खोटे नाही. तो मला रोज मऊ कापडाने पुसे. पण काचेच्या दालनात कोंडून त्याने मला एकदाही सुरू केले नाही. बाहेरून गाड्या धावत, आणि मी नुसती ऐकत राही. आत पेट्रोलचा डिंक झाला, रबर तडकले, इंजिन आवळत गेले. बॅटरी काढल्यामुळे हॉर्नही मुका. ओरडणार कशी?

एका दुपारी एरमेते नावाचा म्हातारा पाहायला आला. त्याने सरळ माझ्या डाव्या मडगार्डवर तळवा ठेवला.

"अहो आजोबा, हात लावायचा नाही!" गालेआत्सो धावला.

"कारखान्यात मीच ठोकलाय हा पत्रा. इथे घाव जरा जास्त बसलाय. त्या दिवशी मुकादमाशी भांडलो होतो." म्हातारा हसला. "शेवटची कधी चालवली?"

"चालवायची कशाला? अशा सातच उरल्यात जगात."

"मग सहाच म्हणा, साहेब. ही तुम्ही मारलीत."

गालेआत्सो लालबुंद झाला. "मेली कशी? बघा ना उघडून!"

एरमेतेने बॉनेट उघडले, पाना लावून इंजिन फिरवून पाहिले. ते तसूभर हलले नाही. गालेआत्सो मटकन खाली बसला.

"मी जपत होतो हो तिला..." तो म्हणाला, "दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी. आणि मला चौऱ्याऐंशी झालीत. तेव्हा कोट काढा नि हिला मागून दालनाबाहेर ढकला!"

मित्रांनो, माझे इंजिन अजून सुटलेले नाही. रोज सकाळी एरमेते येतो, गालेआत्सो वंगणाने काळ्या झालेल्या हातांनी त्याला पाने देतो. मी वाट पाहते आहे. तुमच्या घरीही कुणी जपण्याच्या नावाखाली कोंडले गेले असेल, तर आजच दार उघडा. उशीर झाला की नुसते दार उघडून भागत नाही.