मागचं पान

बारा वर्षं बाई दर महिन्याला पेटीवर एक नवी चाल बांधून, ती लिहून संगीताच्या मास्तरांना पाठवायच्या आणि बारा वर्षं मास्तरांचं एकाच ओळीचं उत्तर यायचं: "पुन्हा कर." मास्तरांची मान डोलली तरच मोठ्या सभागृहाची दारं उघडायची. बाई ती ओळ वाचायच्या, कागद तसाच बिस्किटांच्या डब्यात कोंबायच्या आणि दोन दिवस नवऱ्यावर खेकसायच्या. तो बिचारा शिंपी, खाली मान घालून मशीन चालवायचा.

या खेपेला मात्र बाईंनी ठरवलं, हे शेवटचं. पुन्हा तेच आलं तर पेटी कायमची माळ्यावर. महिनाभर खपून त्यांनी भलीमोठी चाल रचली, सोबतचं पत्र हाताला लागलेल्या रद्दी कागदामागे खरडलं आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं ते दुकानातच, उभ्याउभ्या फोडलं. "मोठी चाल पुन्हा कर. तुझं प्रत्येक पत्र मी उलटून बघतो, या खेपेला पहिल्यांदाच मागे काही सापडलं. ती चाल पुढच्या महिन्यात सभागृहात वाजेल. दिवसभर गुणगुणतोय, बायको वैतागली आहे."

मागे काय होतं? इस्त्री करताना सुचलेली आणि फालतू म्हणून खोडलेली चाल. बाईंना आनंद आवरेना. त्यांनी नवऱ्याला धरून गरागरा फिरवलं. मापाची टेप दोघांच्या गळ्यात अडकली. एकच बाही घालून उभं असलेलं गिऱ्हाईकही हसत सुटलं.

"अगं, थांब," खाली पडलेलं पत्र उचलत नवरा म्हणाला. "याच्याही मागे काहीतरी लिहिलंय."

पेन्सिलीने लिहिलेली चाल होती. कोपऱ्यात, दिसेल न दिसेल असं: "ही माझी. कशी आहे?"

बाईंनी डबा उपडा केला. प्रत्येक कागदामागे चाल, प्रत्येक चालीखाली तोच प्रश्न. पहिल्या वर्षी ठळक अक्षरात, मग दरवर्षी थोडा बारीक. बाईंना हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. अख्ख्या गावाला पास-नापास करणारा माणूस बारा वर्षं त्यांच्या निकालाची वाट बघत होता.

तीन दिवस त्यांनी एकेक चाल पेटीवर वाजवली. मग कोरा कागद घेतला.

"मास्तर, एकशे चव्वेचाळीसपैकी नऊ इतक्या गोड आहेत की आम्ही दोघं दुकानात नाचलो. बाकीच्या पुन्हा करा."