व्हर्नची धून

व्हर्नने निलगिरीचं पान ओठांशी धरून फुंकर मारली. नुसती हवा निघाली. हसून त्याने ते व्हरांड्याबाहेर भिरकावलं.

"सुकलंय. माझ्यासारखंच."

"आधी चहा घ्या, बाबा."

रविवारची दुपार होती. मेरिल मेलबर्नहून नेहमीसारखी जेवायला आली होती. आत टीव्हीवर मेंढपाळांच्या त्या मालिकेचा जुना भाग लागला होता. सुरुवातीची धून व्हर्नची, पानावर वाजवलेली. एक पान दोनदाच नीट वाजतं. तिसऱ्यांदा मऊ पडतं, सूर थरथरतो. स्टुडिओवाल्यांनी नेमका तो तिसरा प्रयत्न ठेवला, आणि लंडनला जाऊन राहिलेली इथली माणसंही तो सूर ऐकून डोळे पुसू लागली.

"देशाचा आवाज म्हणे!" व्हर्न म्हणाला. "शिकवलं लेक टायर्स वस्तीतल्या आदिवासी म्हाताऱ्यानं, थरथरलं पान, आणि आवाज देशाचा. बरं, तोही ठेवला नाही. कुठल्या गाढवानं काढून तिथं गिटार घातली, देव जाणे."

मेरिल चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. अकरा वर्षांपूर्वी, वाहिनीच्या संगीत विभागात असताना, तिनेच लिहून दिलं होतं : परदेशी प्रेक्षकांना हा आवाज गावंढळ वाटेल. खाली तिचीच सही होती.

"वरून हुकूम आला होता, बाबा."

"वर काय, तसलेच बसतात. केक घे अजून. वाळलीयेस."

सोमवारी सकाळी शेजारणीचा फोन आला. व्हर्न झोपेतच गेला होता.

अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने फोनवर विचारलं, शेवटी कोणतं संगीत लावायचं? मेरिलने मालिकेचं नाव सांगितलं. त्याहून जास्त बोलणं तिला जमलं नाही.

शुक्रवारी चर्चमध्ये सहा जणांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि गिटार वाजू लागली. गुळगुळीत, इस्त्री केलेली. बाकांवरच्या माना एकेक करून वळल्या.

"बंद करा ते!" लॉरी उठून ओरडला. चाळीस वर्षं तो व्हर्नच्या साथीला अकॉर्डियन वाजवत आला होता. "हे व्हर्नचं नाही! ह्याच्यापायीच त्याची धून गेली!"

व्यवस्था पाहणारा काळ्या कोटातला माणूस गडबडला. "मालिका तर हीच सांगितली होती..."

गिटार थांबली. पेटी खांद्यावर तशीच होती. कुणी पाऊल उचलेना.

"राहू दे, पोरी, तुझी काय चूक," लॉरी मेरिलकडे वळून म्हणाला. "ज्यानं हे केलं त्याला आज इथं आणून उभं करायला हवं होतं."

ती उठू लागली तसा त्याने तिला बसवायला हात पुढे केला. मेरिलने तो हलकेच बाजूला सारला आणि ती उभी राहिली.

"उभी आहे, लॉरीकाका," ती म्हणाली. मग पेटीकडे वळली. "बाबा, मी काढली तुमची धून. मला तिची लाज वाटायची."