ठकीचा मास्टर सिलिंडर

शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरतानाच मास्तरीणबाईंनी ठरवून टाकलं होतं, की आज गोड बोलायचं नाही. गोड बोलून झालं होतं. चिडूनही झालं होतं. दोन्ही वेळा या लोकांनी थंड पाण्याचा पेला पुढं केला आणि तोंडाला पानं पुसली. आज पार्ट घेतल्याशिवाय हलायचं नाही, मग यांना दिवे मालवून कुलूप लावावं लागलं तरी चालेल.

मास्तरीणबाई गाडी चालवायला शिकवायच्या. तशा गाडी शिकवणाऱ्या शाळा पैशाला पासरी होत्या, पण त्या सगळ्यांनी हात टेकले की माणसं बाईंचं दार ठोठावायची. समोरून ट्रक आला की डोळे गच्च मिटून घेणारी दातांची डॉक्टर. चढावर गाडी जराशी मागं सरकली की स्टिअरिंग सोडून हात जोडणारे निवृत्त हेडमास्तर. असल्या भित्र्या जिवांना बाई ठकीत बसवायच्या. ठकी म्हणजे त्यांची जुनी, चौकोनी, रंग उडालेली गाडी. तिचं बॉनेट सीटवरून पार टोकापर्यंत दिसतं, आणि आपली गाडी नेमकी कुठं संपते हे दिसलं की घाबरटातल्या घाबरटाची अर्धी भीती जाते. नव्या गाड्यांची नाकं पुढं उतरलेली. आत बसलं की समोर नुसतं आभाळ दिसतं, त्यात शिकायचं काय, कपाळ!

शेजारच्या सीटपुढं बाईंसाठी जादा क्लच आणि जादा ब्रेक बसवलेला होता. पण ब्रेकची पेडलं दोन असली तरी दोन्ही शेवटी एकाच मास्टर सिलिंडरला दाबतात, आणि एके दिवशी तो सिलिंडरच बसला. डॉक्टरीणबाईंनी ब्रेक दाबला, काही नाही. बाईंनी आपला दाबला, पाय थेट तळाला. मग बाईंनी हँडब्रेक ओढला, गियर खाली आणला आणि ठकीला रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसवली. कुणाला ओरखडाही आला नाही. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले होते, याचंच बाईंना कौतुक.

गॅरेजवाल्यानं सिलिंडर खोलून त्यांच्या हातावर ठेवला.

"आतून घासलाय. नुसती रबरं बदलून आता भागायचं नाही. नवा आणा, कंपनीचा. ब्रेकला डुप्लिकेट मी लावायचो नाही, आणि तुम्ही मला लावू द्यायच्या नाहीत."

खरंच लावू दिला नसता. म्हणून तर शोरूमच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला ऑर्डर टाकून घेतली. नंतर बाई गेल्या की काउंटरवरचा माणूस खुर्चीतून न उठता विचारायचा, "फोन आला का तुम्हाला?" नाही म्हटलं की म्हणायचा, "मग पार्ट आलेला नाही." म्हणजे फळीवर बघायचे कष्टसुद्धा फोननंच घ्यायचे! तेवढ्यात टायवाला सेल्समन हातात चकचकीत माहितीपत्रक घेऊन उगवायचा.

"मॅडम, ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. आता निरोप द्या तिला. बदल्यात नवी घेऊन जा."

"घरी आजी आहे का तुमची?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"आहे ना."

"तिच्या गुडघ्याचाही पार्ट मिळत नसेल. मग बदलून टाकली का?"

टायवाला हसला होता, पण माहितीपत्रक काही त्यानं मागं घेतलं नाही.

ठकी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात उभी, म्हणून शाळा बंद. शाळा बंद, म्हणून बाई घरात. आणि घरात मुलगा. तो वाईट नव्हता, उलट फार चांगला होता, आणि तिथंच सगळं अडत होतं. "आई, आता बास की. आराम कर," असं तो इतक्या मायेनं म्हणायचा, की बाईंना ताट आपटावंसं वाटायचं. आराम म्हणजे काय, तर खिडकीत बसून दुसऱ्यांनी चुकीच्या गियरमध्ये रेटलेल्या गाड्या ऐकायच्या. अजून थोडे दिवस असे गेले तर आपण खिडकीतच मुरणार आणि पुन्हा उठायचं नावसुद्धा काढणार नाही, ही धास्ती त्यांना बसली होती. ठकीची शाळा गेली की आपण गेलो, इतका साधा हिशोब होता.

आज काउंटरवर दुसरीच बाई होती. तिला सर्दी झाली होती आणि कुणाशी गोड बोलायची तिचीही इच्छा दिसत नव्हती. तिनं रुमालात शिंकून कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"सिलिंडर ना? आलाय की. कधीचाच आलाय. आणि आता परत चाललाय."

"परत? का म्हणून?"

"आम्ही दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुमच्याकडून नको म्हणाले. आज परतीची गाडी आलीय, मागं माल भरतायत."

"मी नको म्हणाले?" बाईंचा आवाज इतका चढला की टायवाला लांबूनच थबकला. "कुठल्या नंबरवर केलात फोन?"

तिनं नंबर वाचून दाखवला. तो अर्धा वाचून होईपर्यंतच बाईंना कळलं. नंबर मुलाचा होता. ऑर्डर टाकायला तोच घेऊन आला होता. शिकवताना बाई फोन उचलत नाहीत, तो पर्समध्ये बंद करून मागच्या सीटवर टाकतात, हा त्यांचा जुना नेम. म्हणून तो म्हणाला होता, "माझा नंबर घाला, हिला फोन करून काही उपयोग नाही." आणि बाईंनी खुशाल मान डोलावली होती. गाडीच जागेवर उभी असताना कुठला वर्ग आणि कुठला नेम, हे डोक्यातच आलं नाही!

म्हणजे इतके दिवस आपण या काचेच्या घरावर दात खात होतो, आणि नाही म्हणणारा रोज आपल्याच शेजारी बसून जेवत होता. रडू येईल असं वाटलं, पण इथं, या टायवाल्यासमोर, मुळीच नाही.

"काढा तो बाहेर. मी घेतेय."

"परतीची नोंद झालीय. ती रद्द करायची तर त्याच नंबरवर कोड जातो. तो सांगितल्याशिवाय मला काढता येत नाही."

"खोकं कुठाय?"

तिनं नकळत मागच्या दाराकडं पाहिलं. तेवढं पुरे होतं. दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी होती. पाटीकडं ढुंकूनही न बघता बाई आत गेल्या. टेम्पो मागचं फळकं उघडून उभा होता, दोन हमाल खोकी चढवत होते, आणि उरलेल्यांत एक मोठं लाकडी खोकं होतं. परतीचे बारके पार्ट याच्यातच, असं हमालानं सांगितलं. बाईंनी पदर खोचला आणि त्या खोक्यावर बैठक मारली.

आधी हमालांनी विनवलं. मग मॅनेजर आला आणि म्हणाला, की अशानं आमचं काम अडतं.

"माझं किती दिवस अडलंय, ते विचारलंत कधी?" बाई म्हणाल्या. "मला चहा नको, पाणी नको. उचलायचं तर माझ्यासकट उचला."

हमालांनी एकमेकांकडं पाहिलं आणि बिड्या पेटवायला बाहेर गेले. टायवाल्यानं कॉम्प्युटरमधल्या नंबरवर फोन लावला.

मुलगा ऑफिसातून तसाच आला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी लटकत होती. खोक्यावर बसलेल्या आईला पाहून त्याला हसावं की लाजावं ते कळेना.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. तू नको म्हणालास त्यांना?"

तो गळ्यातली पट्टी चाळवू लागला.

"दोनदा?"

"वाळूचा ढीग नसता तर?" तो एकदम बोलला, आणि त्याचा आवाज फाटला. "त्या दिवसापासून मला धड झोप नाही. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? म्हटलं, पार्ट नाही मिळाला की आपोआप सुटेल तुझं. तुझ्याशी भांडून कोण जिंकलंय आजवर?"

खरंच घाबरला होता तो. घाबरलेली माणसं ओळखण्यात बाईंची हयात गेली होती. पोटात माया दाटून आली, आणि त्याच माणसाचा इतका राग आला की बोटं खोक्याच्या कडेवर आवळली गेली.

"माझा ब्रेक लागला नाही, म्हणून घाबरलास," त्या म्हणाल्या. "आणि उपाय काय केलास? तर मला ब्रेकच मिळू दिला नाहीस. नको म्हणायचं होतं तर माझ्या तोंडावर म्हणायचंस. मी भांडले असते, तूही भांडला असतास. तू माझा आवाज घेऊन नको म्हणालास, राजा. ते मी चालवून घ्यायची नाही."

मुलाच्या हातातला फोन वाजला. सर्दीवाल्या बाईनं काउंटरवरून कोड पाठवला होता. तो बराच वेळ त्याकडं बघत राहिला. बाईंनी त्याला सांग असं म्हटलं नाही, घाईही केली नाही. चढावर नवशिका क्लच सोडत असतो तेव्हा मध्ये बोलायचं नसतं.

मग त्यानं कोड वाचला. पुटपुटला, म्हणून त्याला तो पुन्हा मोठ्यानं वाचावा लागला.

"झालं रद्द," सर्दीवाली दारातून म्हणाली. "आता उठा, म्हणजे पार्ट काढून देते."

बाई उठल्या नाहीत. "आधी माझ्या नावापुढचा नंबर बदला."

ती आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसली. बाईंनी आपला नंबर बसल्या जागेवरून, खणखणीत आवाजात सांगितला. तिनं टाइप केला.

"आणखी एक लागतो. घरातल्या कुणाचा तरी. तुम्ही उचलला नाहीत तर?"

मुलानं मान वर केली. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग उघड्या दारातून तिच्याकडं.

"दुसरा नको," त्या म्हणाल्या. "उचलला नाही, तर मी शिकवतेय असं समजा, आणि परत लावा."

आणि मग त्या खोक्यावरून उठल्या.