शून्यावरचं बटण

लग्नात माइक शिट्टी द्यायला लागला की आधी बटण बंद करायचं, मग कारण शोधायचं. महाल वस्तीतल्या माझ्या लाउडस्पीकरच्या धंद्यात तीस वर्षं मी हेच केलं. जित्याची खोड, ती त्या संध्याकाळी कशी जाणार?

साल १९७८. मनोहरराव लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे, माझे जुने सोबती. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. सोमवारी ऑपरेशन, त्यानंतर फुंक मारता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून जर्मनीत शिकणारी त्यांची लेक चारुलता सिंथेसायझर, म्हणजे विजेवर वाजणारं वाद्य, घेऊन धावत आली. इतक्या वायरी, की टेलिफोन एक्सचेंजच उचलून आणलं की काय, असं मला वाटलं. बापलेक पहिल्यांदाच एकत्र जॅझ वाजवणार होते, आधी काहीही न ठरवता, लोकांसमोर. त्याची रेकॉर्ड निघणार होती आणि टेप करायचं काम माझ्याकडे होतं.

दहाव्या मिनिटाला कर्कश शिट्टी उठली. मी झटक्यात माइक बंद केला. शिट्टी थांबेना! टेबलाखाली शिरून मी एकेक वायर चाचपत राहिलो. हॉल लहान, वाद्यं तशीही ऐकू येत होती. टेपमध्ये मात्र फक्त माझ्या माइकचा आवाज जायचा. टाळ्या पडल्या तेव्हा कळलं, शिट्टी म्हणजे चारुलतानं त्या सिंथेसायझरवर मुद्दाम काढलेला सूर होता. माइकचं बटण तेव्हापासून शून्यावर होतं.

सकाळी त्यांच्या घरी टेप लावली. दहा मिनिटं वाजली आणि पुढे नुसती खरखर.

"ताराचंदकाका, हे काय झालं?" चारुलता उठूनच उभी राहिली.

टेप खराब निघाली, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण मनोहरराव माझ्याकडेच बघत होते.

"मले वाटलं, माइक शिट्टी देऊन राहिला," मी म्हणालो. "मीच बंद केला."

ती रडायला लागली. मनोहररावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मले माहीत होतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ह्याचा हात बटणावर गेला, तेव्हाच पाह्यलं मी."

"मग थांबवलं काहून नाही, भाऊ?" मी विचारलं.

"मी थांबलो असतो, तर पोरगी थांबली असती."

सोमवारनंतर त्यांचं बोलणंही गेलं. रेकॉर्ड निघाली, पण बाबा तेव्हाही वाजवत होते, म्हणून चारुलतानं त्यातली खरखर कापू दिली नाही. खराब आहे म्हणून लोक ती दुकानात परत करतात. माझ्याकडची मी अजून लावलेली नाही. ती खरखर पुन्हा ऐकायची भीती वाटते.